होडी बांधली का?

नागपुरातल्या आमच्या इंदोऱ्याच्या घराच्या अंगणात एक माणूस इतक्यांदा मेला, की पुढे पुढे त्याच्या मरणासाठी कोणी हातातला चहाचा कपसुद्धा खाली ठेवेना. मरायचा तो बहुतेक रविवारी, ऊन कललं की. कधी पाहुणे आले म्हणून, कधी मोहल्ल्यातल्या पोट्ट्यांनी चिडवलं म्हणून. मरण्याआधी कानामागे खोचायला फूल लागायचं. फूल नसलं तर माझ्या सासूबाईंच्या कढीपत्त्याची डहाळी तोडली जायची, आणि मग मरणापेक्षा मोठा हंगामा त्या डहाळीवरून व्हायचा.

हे आमचे भाडेकरू. रंगूनहून आलेले, म्हणून सारा मोहल्ला त्यांना बर्मावाले म्हणायचा. तिकडे ते नावाजलेले गायक होते आणि सिनेमात हिरो होते. हे त्यांचं म्हणणं. आमचं म्हणणं असं, की माणूस लाखाचा आहे पण फेकतो फार. त्यांच्यापाशी ना फोटो, ना रेकॉर्ड, ना सिनेमाचं एखादं पोस्टर. देशातून काढलं तेव्हा अंगावरच्या कपड्यांनिशी आगबोटीत बसवलं, बाकीचं सगळं बंदरावरच ठेवून घेतलं. तेव्हा त्यांचा सिनेमा काय तो त्यांच्या अंगात उरला होता, आणि तो बाहेर काढायला जागा म्हणजे आमचं अंगण. त्या माणसाला दुसरं काही नको होतं हो. एकदा, फक्त एकदा कोणीतरी मनापासून म्हणावं, की हौ, तुम्ही हिरो होते. पण आमच्या मोहल्ल्यात तेवढंच मिळत नव्हतं.

मी त्या घरात सून होऊन आले तेव्हा मागच्या खोलीत ते नुकतेच राहायला आले होते. पहिल्या सकाळी पाणी भरायला परसात गेले तर समोर चौकड्यांची लुंगी, गालांवर पिवळ्या लेपाचे दोन गोल गोल चकते, बारीक डोळे, आणि उंबरठ्यावर एक पाय ठेवून थांबलेली मूर्ती. माझ्या हातातली बादलीच सुटली.

"काहून वं सूनबाई, भेऊन राहिली का?" मूर्ती म्हणाली. "भूत नाही मी. हिरो होय."

तोंड परदेशातलं आणि बोली थेट खाप्याची! त्यांचे वडील नागपूरजवळच्या खाप्याचे विणकर. पोटासाठी रंगूनला गेले आणि तिकडच्याच बाईशी संसार थाटला. घरात बाप जसं बोलायचा तसं पोरानं उचललं. आमचे शिकलेले पोट्टे तेव्हा शाळेतलं मराठी बोलून शहाणपण मिरवायला लागले होते, मीही त्यातलीच, आणि हा रंगूनचा माणूस बोलायचा आमच्या आज्यांसारखं. सासूबाई म्हणायच्या, "ह्याचं तोंड कोणाचं का असेना, जीभ माह्या मायची होय." सासूबाईंना ते 'माय' म्हणत. वयात दहाबारा वर्षांचंच अंतर असेल, पण आमच्या सासूबाईंकडे पाहून कोणालाही 'माय' म्हणावंसं वाटे, नाहीतर पळून जावंसं वाटे.

देश सुटला तो एका गाण्यामुळे. तिकडे लष्कराचं राज्य आलं होतं. एका जलशात यांनी गाणं म्हटलं, की घराला नवा मालक आलाय पण त्याला दिवा कुठे ठेवतात तेही माहीत नाही. लोक पोट धरधरून हसले. पहिल्या रांगेतले साहेब तेवढे हसले नाहीत. मग रेडिओवरून यांचा आवाज गेला, मग थेटरातून सिनेमा गेला, आणि मग कोणाला तरी आठवलं की अरे, याचा बाप तर इंडियन.

"तिथं म्हणे तू इंडियन, जाय आपल्या देशात," बर्मावाले सांगायचे. "देशात आलो, खाप्याले गेलो, तं चुलतभाऊ म्हणे, हा चिनी कोणं आणला गा घरात?" आणि स्वतःच एवढे हसायचे की चिरूट विझून जायचा.

चीनशी लढाई होऊन फार दिवस झाले नव्हते, त्यामुळे 'चिनी' हा शब्द काही गमतीचा नव्हता. कोणीतरी चुगली केली आणि एक दिवस पोलीस ठाण्यातला जमादार चौकशीला आला. मिशा ही एवढ्या. अंगणात उभं राहून दरडावला, "हिंदी समझता है?"

"हिंदी काहून बोलून राहिले साहेब?" बर्मावाले म्हणाले. "उन्हातानाचे आले, बसा ना. माय, साहेबाले पाणी दे वं."

जमादार चपापला. "गाव कोणतं तुमचं?"

"खापा. कन्हानच्या काठचं."

"अरे बाप्पा!" जमादारानं टोपी काढून मांडीवर ठेवली. "माही मामी खाप्याची!"

चौकशी तिथेच संपली आणि पाहुणचार सुरू झाला. बोलता बोलता सिनेमाचा विषय निघाला, आणि निघाला म्हणजे बर्मावाल्यांनीच काढला. कढीपत्त्याची डहाळी कानामागे गेली. आता हा सीन मला नीट सांगितला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

सिनेमातला हिरो होडीवाला. त्याच्या छातीत सुरा बसलेला, तरी तो हिरॉईनला नदीपार नेऊन सोडतो आणि काठाच्या वाळूत कोसळतो. तिनं दिलेलं फूल कानामागून काढतो, हुंगतो, तळहातावर ठेवून फुंकतो, आणि डाव्या कुशीवर पडतो. आपल्याला वाटतं, मेला. तर नाही. तो कोपरावर उठतो आणि बर्मी भाषेत मित्राला विचारतो, होडी बांधली का? आमच्या कानांना ते ऐकू यायचं 'ल्हे ची पिबिला?' असं. बर्मी म्हणून ते कितपत बरोबर आहे याची हमी मी देत नाही. मित्रानं म्हणायचं, बांधली. मग होडीवाल्याची मान पडते आणि सिनेमा संपतो.

आता आमच्या अंगणात मित्र कुठून आणायचा? त्यामुळे जवाब पाहणाऱ्यांनी द्यायचा. आणि बर्मावाल्यांचा कायदा असा, की जवाब मिळाल्याशिवाय मरायचं नाही. जमादाराला बिचाऱ्याला काय ठाऊक! हे पडले, तो हळहळला. हे उठले, 'पिबिला?' म्हणाले, तो दचकला. हे पुन्हा पडले, पुन्हा उठले. जमादार घाबरा होऊन सासूबाईंना विचारतो, "बाई, याले मिर्गी येते का?" शेवटी सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "बांधली, बांधली! मर एकदाचा, चहा थंडा होऊन राहिला!"

तेव्हा कुठे मान पडली. पोट्ट्यांना हे कळल्यावर तर विचारायलाच नको. ते मुद्दाम जवाब द्यायचे नाहीत, आणि हा माणूस घामाघूम होऊन उठायचा आणि पडायचा. 'पिबिला?' हा आमच्या मोहल्ल्याचा शब्दच होऊन गेला. गोट्या खेळतानासुद्धा एकजण 'पिबिला?' ओरडायचा आणि दुसरा 'बांधली!'

पोटापाण्याला ते गांधीबागेच्या बाजारात एका कापडाच्या दुकानात होते. तिथे साडी दाखवायची त्यांची रीत वेगळी. दुकानातले बाकीचे लोक साडी गादीवर उलगडून दाखवत, हे स्वतः नेसायचे. लुंगीवरच निऱ्या घालायच्या, पदर घ्यायचा, आणि मग बाईकडे पाहून विचारायचे, "लग्नाले नेसाची का बारशाले?" लग्नाची म्हटलं की मान खाली घालून लाजत चालायचे, बारशाची म्हटलं की कडेवर नसलेलं पोर थोपटत. बायका हसून हसून बेजार व्हायच्या आणि साडी घेऊनच उठायच्या. शेटजी खूश. मात्र एकदा एक नवरदेव बापाला घेऊन बस्ता बांधायला आला आणि यांनी नवरीचा शालू नेसून त्याच्याकडे असं काही पाहिलं, की ते पोरगं दुकानाबाहेर जाऊन उभं राहिलं आणि आत यायला तयार होईना.

चालण्याबोलण्यात सगळीकडे तोच कारभार. कुठल्याही दारातून सरळ आत म्हणून यायचं नाही. उंबरठ्यावर थांबायचं, आतल्यांची नजर वळली की मग पाऊल टाकायचं. बसायचं तर नेहमी असं की डावा गाल लोकांकडे राहील. ती म्हणे कॅमेऱ्याची बाजू. उजव्या बाजूचा फोटो त्यांनी जन्मात काढू दिला नव्हता. आमच्या नणंदेच्या लग्नातल्या फोटोत सगळे समोर बघताहेत आणि हे एकटेच शेजारच्या भिंतीकडे बघताहेत, जणू भिंतीचं लग्न आहे.

आता मुख्य गोष्ट सांगते.

आम्ही नवे बौद्ध. जुन्या देवांना निरोप दिला होता, आणि दिला त्याचं वाईट कोणालाच वाटत नव्हतं. पण नव्या रीती अजून अंगवळणी पडायच्या होत्या. लग्न कसं लावायचं, नव्या घरात पाऊल ठेवताना काय म्हणायचं, हे सगळं आम्ही शिकून राहिलो होतो, आणि फार मन लावून शिकत होतो. आमच्या विहारातले गुरुजी, म्हणजे शाळेतून रिटायर झालेले एक सज्जन, वंदना म्हणायचे आणि आम्ही त्यांच्यामागून. अशा मोहल्ल्यात एक माणूस आला, ज्याची आई बौद्ध, आजी बौद्ध, पणजी बौद्ध. सासूबाईंच्या नजरेत बर्मावाल्यांचं मोल भलतंच होतं. सिनेमाबिनेमा त्या कानाआड टाकायच्या.

आम्ही रस्त्याकडची नवी खोली बांधली, तिच्या गृहप्रवेशाच्या दिवशी गुरुजी तापानं आडवे झाले. पाहुणे जमले, मेणबत्त्या लागल्या, आणि म्हणायला कोणी नाही. सासूबाईंनी फर्मान सोडलं, "ए बर्मावाल्या, म्हण काहीतरी तुह्या देशातलं."

"माय, मले ते येत नाही वं. मले सिनेमातली गाणी येतात."

"किती नखरे करशीन? जन्माचा बौद्ध तू. जे येते ते म्हण!"

बर्मावाले उभे राहिले. क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग डावा गाल पाहुण्यांकडे केला, डोळे मिटले आणि गायला लागले. मी खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला. संथ, लांब लांब ताना, जसं कोणी पाण्यावरून हळूहळू दूर चाललंय.  सासूबाईंनी हात जोडले, मग सगळ्यांनी जोडले. एका म्हाताऱ्या आजीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. गाणं संपल्यावर बर्मावाल्यांनी डोळे उघडले आणि समोर एवढे जोडलेले हात पाहून त्यांचा चेहरा जो उजळला, तो मी विसरणार नाही. किती वर्षांनी त्यांना कोणी ऐकलं होतं!

संध्याकाळी मी त्यांना परसात गाठलं. "भाऊ, अर्थ काय हो त्याचा?"

ते इकडे तिकडे पाहून हळूच म्हणाले, "सांगशीन तं नाही ना कोणाले? होडीवाला पोरीले म्हणते, तुही माय झोपली, कुत्रं बांधलेलं हाय, घाटावर ये. माही होडी दोघांपुरतीच हाय."

मी पदर तोंडात कोंबला. माझ्या सासूबाई, ज्या मला नवऱ्याशी अंगणात दोन शब्द बोलू देत नव्हत्या, त्या या गाण्याला हात जोडून बसल्या होत्या. हे गुपित मी पोटात ठेवलं, आणि अगदी आनंदानं ठेवलं. सासुरवास सोसायला एवढं बळ पुष्कळ होतं.

पण ते तिथे थांबलं नाही. शेजारच्या गल्लीतून बोलावणं आलं, मग पाचपावलीहून, मग पार कामठीहून. लग्न असो, बारसं असो, गुरुजींची वंदना झाली की बर्मावाल्यांचं 'ब्रह्मदेशी सूत्र' हवंच. बर्मावाले प्रत्येक ठिकाणी आधी हात जोडून खरं सांगायचे, "मी काही भिक्खू नाही, सिनेमातला माणूस होय. हे सिनेमातलं गाणं होय." लोक एकमेकांकडे पाहून माना डोलवायचे. किती नम्र माणूस! गुरुजींना एकदा शंका आली, "हे पाली नाही वाटत." सासूबाई म्हणाल्या, "तिकडची चाल वेगळी रायते." विषय संपला.

एक मात्र होतं. मयतीच्या घरी ते कधी गायले नाहीत. जायचे, हात जोडून गप्प बसायचे. मला म्हणाले होते, "गेलेल्या माणसाले घाटावर कायले बोलावू वं?" त्यांच्या त्या गप्प बसण्याचंही लोकांनी कौतुक केलं. म्हणाले, मौन धरते.

अशी वर्षं गेली आणि एका वर्षी बातमी आली, की बुद्ध पौर्णिमेला विहारात ब्रह्मदेशाचे एक वृद्ध भंते, म्हणजे भिक्खू, येणार आहेत. मोहल्ला धुऊनपुसून निघाला. सासूबाईंनी परस्पर जाहीर करून टाकलं, की आमचे बर्मावाले भंतेजींसमोर सूत्र म्हणतील.

त्या दिवशी बर्मावाल्यांचं जेवण तुटलं. भर मे महिन्यात गळ्याला मफलर गुंडाळून ते माझ्यापाशी आले. आवाज बसल्याचं सोंग होतं, पण डोळ्यांतली भीती सोंगाची नव्हती.

"सूनबाई, भंतेले पहिल्याच ओळीत समजते. सिनेमाचं गाणं घरोघरी म्हणून राहिला म्हणतीन. एकदा देशातून काढलं मले. आता मोहल्ल्यातून काढतीन. मी कोठं जाऊ वं?"

 मी म्हटलं, "तुम्ही तर सगळ्यांना खरंच सांगितलं ना?"

"सांगतलं. पण कोणं मानलं का?"

सासूबाईंना आवाज बसल्याचं कळलं तेव्हा त्यांनी मिरे, आलं आणि ज्येष्ठमधाचा असा काही काढा पाजला, की मेलेल्याचाही आवाज उघडला असता. सुटकेची वाट बंद झाली.

विहार खचाखच भरला होता. पंखे फिरत होते ते फक्त आवाज करायला. भंते सुकलेले, हाडकुळे, नजर जमिनीवर. त्यांच्याबरोबर हिंदी बोलणारा एक तरुण भिक्खू होता, तो नागपूरच्या उन्हानं दुपारीच आडवा झाला होता. म्हणजे भंतेंचं बोलणं आम्हाला समजावून सांगणारं माणूस एकच उरलं, आणि ते मफलर गुंडाळून दारापाशी पळायच्या तयारीत उभं होतं. सासूबाईंनी दंडाला धरून त्यांना पुढे ढकललं.

ते गायले. सुरुवातीला आवाज कापत होता, मग नेहमीसारखा पाण्यावरून निघाला. मी भंतेंकडेच पाहत होते. पहिल्या ओळीला त्यांची नजर जमिनीवरून उठली. दुसऱ्या ओळीला त्यांनी बर्मावाल्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. गाणं संपलं तरी ते पाहतच राहिले. मग हळू आवाजात बरंच काही बोलले.

बर्मावाले पुतळ्यासारखे उभे. डोळे डबडबले होते.

"काय म्हणते गा भंतेजी?" सासूबाईंनी विचारलं.

 मी मनात म्हटलं, बाबा, सांग काहीतरी, म्हण की फार छान म्हटलं म्हणतात, आणि सुट. कोणाला कळणार होतं? पण त्यांनी मफलर काढून हातात घेतला आणि म्हणाले, "भंतेजी म्हणतात, हे सिनेमातलं गाणं होय. म्हणतात, चीवर घेऊन भिक्खू व्हाच्या आधी मी हा सिनेमा पाह्यला. म्हणतात... हा माणूस हिरो होता."

 आख्खा विहार खो खो हसला.

"वा रे बर्मावाले! भंतेजीच्या तोंडातही आपलीच हिरोगिरी!" कोणीतरी ओरडलं. गुरुजी रागावले, "अहो, नीट भाषांतर करा. वेळ काळ पाहत जा." सासूबाईंनी कपाळाला हात लावला. बर्मावाले एकदा या तोंडाकडे, एकदा त्या तोंडाकडे पाहत होते. साऱ्या जगात त्यांना एक साक्षीदार मिळाला होता, आणि त्या साक्षीदाराची साक्ष यांच्याच तोंडून निघायची होती. माझा जीव तुटला.

भंतेंनी त्यांना काहीतरी विचारलं. हे का हसतात, असंच विचारलं असणार. बर्मावाल्यांनी मान खाली घालून दोन शब्दांत सांगितलं.  मग त्या सुकलेल्या म्हाताऱ्यानं सावकाश आपला हात स्वतःच्या कानामागे नेला, जिथे काहीच नव्हतं. ते काहीच-नसलेलं चिमटीत धरून नाकाशी नेलं, तळहातावर ठेवलं, हलकेच फुंकलं. आणि आम्हा सगळ्यांकडे पाहून विचारलं,

"ल्हे ची पिबिला?"

"बांधली!"

आख्खा विहार एका तोंडानं ओरडला. बायका, पोट्टे, म्हातारे, पाठीमागे उभा असलेला चहावाला, सगळे. सवयच ती! ओरडून झालं आणि मग एकेकाचं तोंड तसंच उघडं राहिलं. ब्रह्मदेशाहून आलेल्या, इंदोऱ्याचं अंगण कधी न पाहिलेल्या भंतेंना हे कसं ठाऊक? 

सासूबाई उठल्या. मला वाटलं, झालं.

"म्हणजे तू खराच हिरो होय?"

"हौ, माय."

"मंग आधी सांगाचं नाही का गा?"

"पहिल्या दिवसापासून सांगून राहिलो माय!"

"तसं नाही," सासूबाई डाफरल्या. "खरं वाटीन असं सांगाचं!" मग त्यांच्या कपाळावर आठी पडली. "आणि मंग माह्या घरात त्या दिवशी काय म्हटलं तू?"

बर्मावाल्यांनी सांगितलं. आई झोपली, कुत्रं बांधलं, घाटावर ये, सगळं. एका ओळीचाही आडपडदा ठेवला नाही. ज्यांच्या ज्यांच्या लग्नात ते गाणं झालं होतं त्या सुना लाजून एकमेकींच्या मागे लपायला लागल्या. गुरुजींनी चष्मा काढून पुसायला घेतला तो पुसतच बसले. बर्मावाले म्हणाले, "माय, खोली उद्या खाली करतो." आणि दाराकडे वळले.

"बस खाली!" सासूबाई अशा कडाडल्या की भंतेही सावरून बसले. "खोली खाली करते म्हणे. माहं घर उभं हाय ना? ह्या पोरींचे संसार चालून राहिले ना? मंग? वंदना गुरुजीनं म्हटली, गाणं तू म्हटलं. कोणाचं काय बिघडलं?" मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुले माहीत होतं ना वं?"

मी मान डोलावली.

"घरी चाल, मंग पाह्यतो तुह्याकडं."

घरी काय झालं ते मी सांगत नाही. पण त्यानंतर मोहल्ल्यात लग्न लागलं की वंदना व्हायची, मग जेवणं, आणि मग गाणं, सिनेमातलं गाणं म्हणून. पोट्टे त्यांना आधीही 'हिरो' म्हणायचे, आताही म्हणायचे, पण आता उठून उभे राहून म्हणायचे. आणि गंमत बघा, त्या दिवसापासून बर्मावाल्यांचं मरण कमी झालं. कोणी फारच आग्रह केला तर मरायचे. नाहीतर रविवारी संध्याकाळी चिरूट ओढत बसलेले असायचे. डावा गाल आमच्याकडे, अगदी समाधानी.

ते गेले ते खरोखरचे गेले, त्याला आता कितीतरी वर्षं झाली. सकाळी गालांना लेप लावून बसले होते, भिंतीला टेकून, तसेच. सासूबाई तोवर काठी टेकत चालायला लागल्या होत्या. अंगणात, त्याच जागी, बर्मावाल्यांना ठेवलं. सासूबाईंनी पहिल्यांदा पोरांना झापलं, "तोंड इकडं फिरवा त्याचं! ती बाजू चांगली नाही दिसत." मग काठी टेकत कढीपत्त्यापाशी गेल्या. ज्या झाडावरून त्यांनी जन्मभर भांडण केलं त्याची स्वतःच्या हातानं चांगली मोठी डहाळी तोडली आणि त्यांच्या कानामागे खोचली. त्रिशरण झालं, पंचशील झालं. तिरडी उचलायला माणसं वाकली.

"थांबा गा," सासूबाई म्हणाल्या.

माणसं थांबली. कशाला थांबवलं हे कोणी विचारलं नाही, सगळ्यांना ठाऊक होतं. अंगणभर माणसं, आणि कोणी हालेना. सगळे त्यांच्या कोपराकडे बघत होते. मीसुद्धा.

सासूबाई बराच वेळ वाट पाहत उभ्या राहिल्या. मग काठी मला दिली, खाली बसल्या आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाल्या, "बांधली गा. बांधली होडी."

माझा हात धरून त्या उठल्या आणि माणसांना म्हणाल्या, "उचला आता."